काळ्या चॉकलेटचा प्रसाद

माझ्या किराणा दुकानात काळं चॉकलेट मिळतं का, असं विचारत लोक अजून येतात. पालमचे येतात, आजूबाजूच्या खेड्यांतले येतात. एकदा गंगाखेडहून एक जण मोटारसायकलवर म्हाताऱ्या वडिलांना मागे बसवून आला होता. वडिलांच्या गळ्याभोवती रुमाल होता. रुमालाखाली काय असावं, ते मला न विचारता कळलं. मी दोघांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणालो, "चॉकलेट मिळंल. पण आधी माझं थोडं ऐकून घ्या."

तेच थोडं इथे लिहितो आहे. मुलगी प्राची म्हणाली, "बाबा, प्रत्येकाला सांगून तुमचा घसा बसतो. एकदा लिहूनच काढा." मी लेखक नाही. वडिलांच्या दुकानात बसून आयुष्य गेलं. पण ज्यांच्या घरात हा आजार शिरला आहे त्यांनी माझ्यासारखं करू नये, म्हणून लिहितो. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांची आठवण येते, म्हणूनही लिहितो. आजारपणाच्या दिवसांची आठवण यावी, हे विचित्र आहे. पण येते.

दोऱ्याखाली

आम्ही लिंगायत. आमच्यात गळ्यातलं शिवाचं लहान लिंग अंगावरून उतरवत नाहीत. रोज अंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं, आणि जे काही खायचं असेल ते आधी त्याला दाखवायचं. माझं लिंग चांदीच्या छोट्या डबीत असतं आणि डबी दोऱ्यात. तो दोरा मानेवरून जिथून जातो, नेमकी तिथेच गाठ आली.

मला वाटलं, दोरा काचतो आहे. मी सुती दोरा काढून रेशमी घातला. बायको गिरिजा रात्री हळद लावायची. गाठ आधी हरभऱ्याएवढी होती, मग सुपारीएवढी झाली. दुकानदाराला मापं पटकन सुचतात, दवाखाना मात्र लवकर सुचत नाही. शेवटी गिरिजानं एक दिवस दुकानाचं शटर स्वतःच ओढलं आणि म्हणाली, "आज गिऱ्हाईक न्हाई. आज नांदेड."

तपासण्या झाल्या, गाठीचा तुकडा काढून पाठवला, आणि निकालाच्या दिवशी डॉक्टर मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"काका, हा कॅन्सर आहे. लसिकाग्रंथींचा. पण बरा होऊ शकणाऱ्यांतला आहे."

मी पहिलं वाक्य ऐकलं. शेवटचं गिरिजानं ऐकलं. पुढे आमच्या घरात जे काही झालं, ते बरंचसं असंच झालं. एकच बोलणं आम्ही दोघांनी अर्धं अर्धं ऐकलं.

आम्ही नांदेडच्या बसस्थानकावर आलो. कंडक्टर "लोहा, पालम, गंगाखेड" असं ओरडत होता. गिरिजानं केळी घेतली, एक सोलून माझ्या हातात दिलं. मी शर्टात हात घालून डबीला बोट लावलं, मनातल्या मनात दाखवलं आणि खाल्लं. गाडीत चढलो तर ती म्हणाली, "तुमी बसा खिडकीला."

लग्न झाल्यापासून खिडकी तिची होती. तिला गाडी लागते. मॅडमच्या शब्दानं मी रडलो नव्हतो, त्या खिडकीनं मात्र लोह्यापर्यंत रडवलं.

डबी

उपचाराआधी मोठा स्कॅन करायचा होता. मशीनवाल्या पोरानं सांगितलं, "काका, गळ्यातलं काढा."

"ते निघत नसतंय."

"निघत नसतंय कसं? दोराच तर आहे."

"दोऱ्याचं न्हाई म्हणायलो मी."

तो हुशार होता, गिरिजाकडे बघायला लागला. ती पुढे आली, पदर खोचला आणि डावा तळहात पसरला. "माज्या हातावर द्या. खाली ठेवणार न्हाई." मी दोरा काढून डबी तिच्या हातावर ठेवली. कळत्या वयात माझी छाती पहिल्यांदाच मोकळी झाली होती. थंडी वाजली.

बाहेर आलो तेव्हा ती बाकावर तशीच बसली होती. डाव्या हातावर डबी, वर उजवा हात. नाकावर माशी बसली होती.

"हाकल की ती माशी," मी म्हणालो.

"कोणत्या हातानं?" ती म्हणाली.

आम्ही दोघं त्या दवाखान्यात जोरात हसलो. शेजारी बसलेल्या माणसांना वाटलं असेल, यांचा रिपोर्ट चांगला आला.

मातीची चव

मग सलाइनमधून औषधं सुरू झाली. त्याचं वर्णन करत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, ज्यांना नाही त्यांना कधी माहीत न होवो. एवढंच सांगतो की दर वेळी परत येताना मी पिशवी तोंडाशी धरूनच गाडीत बसायचो. घरी आल्यावर दोन-तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. माझाच वास मला सहन व्हायचा नाही. केस उशीवर राहायला लागले, तेव्हा न्हाव्याला घरी बोलावून डोक्याचा गोटा करून घेतला.

सगळ्यात जास्त छळलं चवीनं. गोड खाल्लं की मळमळायचं, तिखटानं तोंड भाजायचं, आणि बाकी सगळं गंजलेल्या पत्र्यासारखं लागायचं. भाकरी पत्रा, वरण पत्रा, पाणीसुद्धा पत्रा. एक दिवस गिरिजानं पिठलं केलं होतं. मी ताट सरकवून म्हणालो, "ह्ये काय माती कालवलीस?"

तिनं ताट उचललं, स्वयंपाकघरात नेलं आणि तिथेच उभ्यानं ते पिठलं खाल्लं. मग दारात येऊन म्हणाली, "कॅन्सर काय तुमालाच झालाय? घरात मी बी हाय."

मी माफी मागितली नाही. तेव्हा सुचलं नाही. मात्र पुढच्या खेपेला लोह्याला गाडी थांबली, तेव्हा तिनं स्वतःसाठी चहा घेतला आणि एक घोट घेऊन मला सांगितलं, "आज आलं जास्त हाय. साखर बरोबर." त्यानंतर प्रत्येक खेपेला तिनं चहाची चव मला सांगितली. "आज पानचट." "आज कालचाच तापवला." मला चव नव्हती, पण चहा मी तिच्या जिभेनं पीत होतो. मला आठवण येते म्हणतो ती या असल्या गोष्टींची. आता मी रोज गरम चहा पितो आणि कुणी मला चव सांगत नाही.

खरवड

उन्हाळ्यात प्राची पुण्याहून आली. पिशवीत ओल्या रुमालात गुंडाळलेला डबा, डब्यात चॉकलेट. परभणीच्या उन्हात ते वितळून वाकडं झालं होतं. कुल्फीसारखं फ्रीजमध्ये ठेवून तिनं ते पुन्हा घट्ट केलं.

"बाबा, हे साधं नाही, डार्क आहे. खूप कोको असतो, साखर कमी. कॅन्सरच्या पेशंटला चांगलं असतं म्हणतात. मी मोबाइलवर वाचलंय."

गिरिजानं कोपरा मोडून जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. "माय माय! ह्याच्यापरीस काढा बरा."

मी तुकडा डाव्या तळहातावर लिंगासमोर धरला, रिवाजाप्रमाणे दाखवला आणि तोंडात टाकला.

आधी कडू लागलं. मग त्या कडवटपणाच्या मागून हळूच काहीतरी आलं आणि जिभेवर पसरलं. पत्रा नव्हता. किती दिवसांनी एखादी वस्तू तिच्या स्वतःच्या चवीची लागली. आणि त्या चवीबरोबर मी गोदावरीच्या काठी जाऊन उभा राहिलो.

माझे वडील, अप्पा, हिवाळ्यात दुकानासाठी गूळ आणायला गंगाखेडकडच्या गुऱ्हाळावर जायचे. आईला दमा होता, म्हणून माझी थोरली बहीण महादेवी मला सांभाळायला बरोबर यायची. आम्ही तिला अक्का म्हणतो. मी पाच-सहा वर्षांचा, ती परकरपोलक्यातली. अप्पा भाव करत बसले की अक्का मला कडेवर घेऊन रस आटवायच्या मोठ्या काहिलीजवळ जायची. गूळ ओतून झाला की काहिलीच्या बुडाला काळी, करपलेली खरवड राहायची. गुळव्या ओरडायचा, "ए पोरी, भाजशील!" ती त्याला म्हणायची, "भाजू दे, तुजं काय जातंय?" आणि उसाच्या सालपटानं खरवड ओरबाडून घ्यायची. जिथे जळकं कमी असेल तो तुकडा माझा. पार काळा तुकडा तिचा. चिकट, दाताला ओढून धरणारी, आधी कडू आणि मग गोड. धुराचा वास, नदीवरून येणारी थंडी, अक्काच्या बोटांचा गुळमट वास. परत येताना गाडीत तिच्या मांडीवर मी झोपायचो, तेव्हा माझे ओठ चिकटलेले असायचे.

मला डोळे मिटून बसलेलं बघून प्राची घाबरली. "बाबा, उलटी होते का?"

"न्हाई," मी म्हणालो. "अजून एक तुकडा दे."

प्रसाद

आता माझी चूक सांगतो. ती आमच्याच घरात होऊ शकली असती, असं मला वाटतं.

लिंगाला दाखवलेली वस्तू प्रसाद होते. प्रसाद एकट्यानं खात नाहीत, आणि घरी आलेल्या माणसाला दिल्याशिवाय पाठवत नाहीत. आजाऱ्याला बघायला तर माणसांची रीघ होती. इतर वेळी आम्ही खडीसाखर देतो. आता तिच्या जागी काळ्या चॉकलेटचा कण यायला लागला. लोक श्रद्धेनं हात पुढे करायचे, कपाळाला लावून तोंडात टाकायचे आणि मग त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. शेजारचे शिंपी करीमचाचा तर म्हणाले, "नागनाथअण्णा, भगवान का प्रसाद इतना कडवा? हमसे नाराज है क्या?"

पुढच्या तपासणीला गिरिजानं डॉक्टर मॅडमना विचारलं, हे खाल्लं तर चालतं का. मॅडम म्हणाल्या, "कोकोमध्ये काही चांगले घटक आहेत, त्यांच्यावर अभ्यास चालू आहेत. पण चॉकलेट खाऊन कॅन्सर बरा होतो, असं कुणीही दाखवलेलं नाही. काकांना चव लागते ना? मग छोटा तुकडा द्या. तोंड आलं असेल तेव्हा नको, झोपायच्या वेळी नको. आणि औषध म्हणून नाही हं, खाऊ म्हणून."

मी ऐकलं: चांगले घटक आहेत, अभ्यास चालू आहेत. बाकीचं गिरिजानं ऐकलं.

सलाइनं संपली. शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. मी दुकानात पुन्हा गल्ल्यावर बसलो, तेव्हा येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "कशानं गुण आला, अण्णा?" आणि मी सांगायचो, "देवाची कृपा आणि ह्ये काळं चॉकलेट."

असं का सांगितलं? मी पुष्कळ विचार केला आहे. सलाइनची गोष्ट कुणाला ऐकायची नसते. पिशवी, उलटी, उशीवरचे केस ऐकताना माणसं इकडेतिकडे बघायला लागतात. चॉकलेटची गोष्ट ऐकताना त्यांचे डोळे चमकायचे. आणि मलाही ती जास्त आवडायची. तिच्यात गुऱ्हाळ होतं, अप्पा होते, भीती नव्हती. सांगता सांगता मलाच ती खरी वाटायला लागली. दुकानात मी ते चॉकलेट ठेवलं, विकलंही. खोटं कशाला बोलू?

अक्का

माझ्या आजारपणात अक्का नांदेडला एकदाही आली नाही, कारण मीच येऊ दिलं नाही. ती ताडकळसला असते. दाजी अर्धांगानं अंथरुणावर आहेत, त्यांचं सगळं तीच करते. त्यात माझी काळजी कशाला, म्हणून मी फोनवर सांगायचो, "काय न्हाई अक्का. सलाइन लावतेत, झोपून यायलोय." बरं वाटत असेल तेव्हाच तिला भेटायला बोलवायचो. टकलाबद्दल तिनं विचारलं, तर म्हणालो, "उन्हाळ्याचं काढून टाकलं, थंड वाटतंय." ती हसली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "लहानपणी जावळ काढलं तवाबी असाच दिसायलास."

तिलाही मी प्रसाद द्यायचो. तिनं पहिला तुकडा तोंडात टाकला आणि जिभेवर घोळवला. मग म्हणाली, "नागू, खरवड!" मला किती आनंद झाला होता! जगात ही चव ओळखणारी आम्ही दोघंच उरलो होतो. त्यानंतर ती बाजाराच्या निमित्तानं पालमला आली की मी तिच्या पिशवीत चॉकलेट टाकायचो.

पुढच्या श्रावणात ती आली आणि म्हणाली, "ह्या बारीला जरा जास्ती दे."

"लय गोडी लागली की, अक्का."

"लागली म्हण."

गिरिजा आतून बाहेर आली. तिनं अक्काकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "वन्सं, कशासाठी लागायलंय एवढं?"

अक्का पदर सारखा करत बसली. तो सारखाच होता. गिरिजानं तिला हाताला धरून आत नेलं आणि दार लावलं. मी गल्ल्यावर बसून होतो. एक गिऱ्हाईक साबण मागत होतं आणि मी त्याला मीठ दिलं. दार उघडलं तेव्हा गिरिजाचा चेहरा पांढरा झाला होता.

"डाव्या बाजूला, छातीत गाठ हाय. लिंबाएवढी. शिवरात्रीच्या आधीपासून."

मी अक्काला म्हणालो, "उद्याच नांदेडला जाऊ."

"कशाला? तुला काय नांदेडनं गुण आला?"

"मग कशानं आला?"

"तूच तर साऱ्या गावाला सांगायलास." ती अगदी शांतपणे बोलत होती. "सलाइन लावून झोपूनच येत व्हतास न्हवं? गुण प्रसादानं आला. मी रोज लिंगाला दाखवून खायलेय. गाठ बारीक व्हायलीय, मला कळतंय."

"अक्का, ती बारीक व्हत न्हाई. मी खोटं सांगितलो."

"आता भ्यायलास म्हणून बोलायलास. प्रसादाला खोटं म्हणू नगंस, नागू." ती उठली. "आनी मी दवाखान्यात पडले तर त्येंचं कोण करंल? ताडकळसची गाडी चुकंल माजी."

ती गेली. जाताना चॉकलेट घेऊन गेली. मी अडवू शकलो नाही. लहानपणापासून तिनं मागितलेल्या वस्तूला मी कधी नाही म्हटलं नव्हतं, कारण तिनं कधी काही मागितलंच नव्हतं.



सोमवार

मी बाहेरगावी असलेल्या भाच्याला, अक्काच्या मुलाला, फोन केला, त्याचंही ती ऐकेना. मी दोनदा ताडकळसला गेलो, तिनं दोन्ही वेळा चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या वेळी मला कळलं की महादेवाच्या देवळात सोमवारी भजनाला येणाऱ्या बायकांनाही तिनं सांगितलं आहे. कुणी गुडघ्यासाठी, कुणी साखरेसाठी, कुणी नुसतंच भीतीपोटी काळं चॉकलेट मागवत होती. माझ्या तोंडच्या एका वाक्याची इतकी पिल्लं झाली होती. तेव्हा मला कळलं की अक्काला एकटीला सांगून भागणार नाही. तिला ही गोष्ट एकट्यात सांगितली नव्हती, मग एकट्यात परत कशी घेणार?

सोमवारी दिवेलागणीला मी आणि गिरिजा देवळात गेलो. भजन संपल्यावर मी उभा राहिलो. मला भाषण येत नाही.

"मी महादेवीचा धाकटा भाऊ. पालमचा. मला कॅन्सर झालता. मी चॉकलेटनं बरा झालो न्हाई. सलाइननं झालो. एकबी सलाइन मी चुकवलं न्हाई, आनी लय तरास झाला. तो कुणालाच सांगितलो न्हाई. चॉकलेट मला आवडायचं, तोंडाला चव यायची, म्हणून खाल्लो. डॉक्टरनं खाऊ म्हणून सांगितलं व्हतं, मी औषध म्हणून सांगत सुटलो."

टाळ हातात धरलेली एक म्हातारी म्हणाली, "मग आमाला कामून असं सांगितलास, बाबा? सुनेशी भांडून आनलं की मी त्ये कडू जहर!" बायका हसल्या. अक्का हसली नाही. ती उठून देवळाच्या ओट्यावर जाऊन बसली.

मी तिच्या शेजारी बसलो. ती समोर बघत म्हणाली, "देवाच्या दारात बसून प्रसादाला खोटा म्हणलास."

"प्रसाद खोटा न्हाई, अक्का. मी खोटा. देवानं मला चव दिली, तेवढा त्याचा प्रसाद. त्यानं गाठ जाती, ह्ये देव बोलला न्हाई. मी बोललो."

तिनं आपल्या गळ्यातल्या डबीवरून बोट फिरवलं. गिरिजा आमच्या मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "वन्सं, दाजींचं मी करते. येऊन राहते हितंच. तुमी जावा."

अक्का म्हणाली, "त्येंना भाकर दुधात कुस्करून लागती. लई घट्ट चालत न्हाई."

"बरं."

"आनी अंघोळ ऊन पाण्यानं."

"बरं, वन्सं."

मग ती माझ्याकडे वळली. "सकाळी पूजा करून निघू. गाडी कितीला हाय?"

जे सांगायचं राहिलं होतं

डॉक्टर मॅडमनी अक्काला तपासलं आणि पेन खाली ठेवलं नाही, हातातच धरून ठेवलं. म्हणाल्या, आधी सलाइननं गाठ लहान करू, मग ऑपरेशन करू. लवकर आला असतात तर सोपं गेलं असतं. किती सोपं, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, ते आता मोजत बसू नका." पण मी मोजतो. दुकानात मोजतो, पूजेत मोजतो. अक्का बरी होईल की नाही, हे लिहिताना मला माहीत नाही. उपचार चालू आहेत, गाठ मऊ पडली आहे, असं मॅडम म्हणतात.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगेन. चॉकलेट आवडत असेल, तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, तर अवश्य खा. या आजारात एका घासाला चव लागणं ही लहान गोष्ट नाही. त्या एका तुकड्यात मला माझं बालपण परत मिळालं, ते मी नाकारणार नाही. पण तुम्हाला कुणी विचारलं की कशानं बरे झालात, तर अवघड गोष्ट आधी सांगा. उलट्या सांगा, रडणं सांगा, बायकोनं उभ्यानं खाल्लेलं ताट सांगा. सोपी गोष्ट मागून सांगितली तरी चालते.

दुसऱ्या सलाइनच्या वेळची गोष्ट. गिरिजा ताडकळसला दाजींजवळ होती, नांदेडला मी एकटाच अक्काबरोबर होतो. सलाइन उतरलं, नर्सनं सुई काढली, आणि आम्ही व्हरांड्यातून जात असताना अक्का अचानक भिंतीला धरून थांबली. मी पळत जाऊन स्टीलचं भांडं आणलं. तिनं ओकायला सुरुवात केली. पोटात काही नव्हतं, नुसतं हिरवं पाणी, तरी थांबेना. मी एका हातानं भांडं धरलं होतं, दुसऱ्यानं तिची पाठ. तिचे उरलेसुरले केस घामानं कपाळाला चिकटले होते.

जरा थांबल्यावर तिनं डोळे वर करून माझ्याकडे बघितलं.

"तुलाबी असंच व्हायचं का रं?"

"व्हय."

"दर बारीला?"

"व्हय, अक्का."

ती धाप टाकत माझ्याकडे बघत राहिली. "एवढं सगळं सोसलास," ती म्हणाली, "आनी मला चॉकलेट सांगत बसलास व्हय?"

तिनं ओल्या हातानं माझ्या डोक्यात जोरात टपली मारली, तोच हात माझ्या खांद्यावर ठेवून तोल सावरला, आणि पुन्हा भांड्यावर वाकली.